आक्काच्या मानेवरचे ओझे

मित्रांनो, मी एक जुनी चुंबळ आहे. चुंबळ म्हणजे काय, हे तुमच्यापैकी अनेकांना ठाऊक नसेल. डोक्यावर ओझे घेताना डोके आणि ओझे यांच्यामध्ये ठेवतात ते कापडाचे कडे, ती मी. गोड गोष्ट ऐकायला बसला असाल तर आत्ताच सांगते, मी रागावलेली आहे.

मला आक्काने घडवले. एका विटक्या चादरीच्या पट्ट्या तिने पीळ देऊन गुंडाळल्या आणि सुतळीने घट्ट आवळल्या. आक्का फरशांच्या गोदामात काम करायची. ते गोदाम चार मजली होते. तळाशी गाडीतून फरशांच्या पेट्या उतरायच्या आणि बायका त्या डोक्यावर घेऊन जिन्याने वर न्यायच्या. दारापाशी एक लिफ्ट होती. तिच्यात मोठा आरसा होता. पण ती गिऱ्हाइकांसाठी होती. पेट्यांनी तिला ओरखडे पडतात, असे मुकादम म्हणायचा.

अकरा वर्षे मी आक्काच्या डोक्यावर होते. कुणी नवीन माणूस आला की मुकादम तिच्याकडे बोट दाखवायचा. "ही आमची आक्का. मान नाही, लोखंडी खांब आहे!" आक्का हसायची आणि मीही फुगायची. आज ते आठवले की माझीच मला लाज वाटते.

कारण पहिल्यांदा कळले ते मलाच. एका सकाळी तिसऱ्या मजल्याच्या पायरीवर माझ्याखाली काहीतरी कट् करून सरकले. सैल झालेला खण सरकावा तसे. आक्का क्षणभर थांबली आणि पुन्हा चालू लागली. मला तोंड असते तर मी तिथेच बोंब ठोकली असती!

मग तिची बोटे बधिर होऊ लागली. हातातून पेला सुटायचा. डोक्याच्या मागून कळ यायची. कुणी हाक मारली तर तिला नुसती मान वळवता येईना, ती अख्खीच वळायची. जेवणाच्या सुट्टीत ती हनुवटी दोन्ही तळहातांवर टेकवून बसायची.

"डोकं ठरतच नाही गं मानेवर," ती म्हणायची.

"उशी बदलून बघा," तिची धाकटी जाऊ म्हणाली. तीही त्याच गोदामात होती.

मुकादम म्हणाला, "काल तर टुणटुणीत होतीस. कामाचा कंटाळा आला असेल तर सरळ सांग ना."

शेवटी लेकीनेच तिला डॉक्टरांकडे नेले. मी पिशवीत होते, म्हणून सगळे ऐकले. डॉक्टरांनी दोन एक्स-रे काढायला लावले, एक मान पुढे वाकवून आणि एक मागे नेऊन.

"हे बघा, मणक्यांमधल्या चकत्या झिजल्यात. मणक्यांना धरून ठेवणारे बंधही सैल पडलेत. तुम्ही मान वाकवली की हा मणका जागा सोडून पुढे येतो. डोक्यावर वजन घेता का?"

"अकरा वर्षं झाली."

"आता एकही पेटी नाही. आतल्या मज्जारज्जूवर दाब आला तर हातापायांतली ताकद जाईल."

"पण बरं कधी होईल?"

डॉक्टर म्हणाले, "झिजलेलं भरून येत नाही, आक्का. सांभाळावं लागतं. पट्टा लावा, सांगतो ते व्यायाम करा. ताकद कमी होतेय असं वाटलं तर मात्र ऑपरेशन."

आक्का पट्टा लावून आणि डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन गोदामात गेली. "मला खाली मोजणीच्या टेबलावर बसवा," ती म्हणाली. मुकादमाने चिठ्ठी वाचली, मग तिच्या मानेकडे पाहिले.

"सूज नाही, जखम नाही. दिसत तर काहीच नाही! तो पट्टा काढ, गिऱ्हाइकं विचारत बसतात. आणि एकच पेटी ने. एका पेटीनं काय होतंय?"

काम जाईल या भीतीने तिने पट्टा काढला, मित्रांनो. मला डोक्यावर ठेवले. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर तिचा डावा पाय लुळा पडला. ती भिंतीला घसटत पायरीवर बसली आणि पेटी खाली गडगडली.

मुकादम धावत आला. "फरशा फुटल्या!" हे त्याचे पहिले शब्द. मी स्वतः ऐकले.

आक्काने डोके दोन्ही हातांत धरले होते. "आधी फरशा मोजून घ्या," ती म्हणाली. "माझं काय, मी बसलेय इथे."

तेव्हा वरून धाकटी जाऊ उतरली. एरवी ती कुणाला उलटून बोलत नसे. तिने मला उचलले, मुकादमाच्या डोक्यावर आदळले आणि दुसऱ्या बाईच्या मदतीने वर एक पेटी ठेवली.

"एकच आहे. चढा!"

तो आठ पायऱ्या चढला. त्याची मान माझ्याखाली लटलटत होती. मला जरासुद्धा दया आली नाही. नवव्या पायरीवर त्यानेच पेटी खाली ठेवली. मग सगळ्या बायकांनी आपापल्या पेट्या जिन्यातच ठेवल्या आणि त्या तिथेच बसल्या. दोन दिवस एकही पेटी वर गेली नाही. तिसऱ्या दिवशी मालकांनी लिफ्टला आतून गोणपाट लावले आणि पेट्या लिफ्टने जाऊ लागल्या. इतके सोपे होते ते! आरशावर एक गोणपाट! अकरा वर्षे कुणाला सुचले नाही.

आक्काला मोजणीचे टेबल मिळाले. पाय हळूहळू सावरला, पण तिच्या डाव्या हाताची पकड निम्मीच राहिली आहे. पुढच्या आठवड्यात तिचे ऑपरेशन आहे. सरकणारे मणके स्क्रूने एकमेकांना जखडणार आहेत. हात पूर्वीसारखा होईलच, असे डॉक्टरांनी कबूल केलेले नाही.

लेक तिला म्हणाली, "आई, झालं ते झालं. आता राग सोडून दे."

"मानेचे बंध सैल झालेत," आक्का म्हणाली. "राग तरी घट्ट राहू दे."

मित्रांनो, तुमच्या आसपास कुणी हाकेला मान न वळवता अख्खे अंग वळवत असेल, कुणाच्या हातून वारंवार वस्तू निसटत असतील, तर हसू नका. सूज आणि जखम शोधत बसू नका. काय होते आहे ते विचारा. आणि ते माणूस जे सांगेल, ते पहिल्या वेळीच खरे माना.