सातवी ओळ

रुद्रम्मानं गाठोड्याची गाठ दातानं सोडली आणि नवऱ्याची वही मल्लिनाथच्या पुढ्यात टाकली. त्यानं ती घाईघाईनं उघडायला घेतली, पण वही कसली उघडतेय! पानांची पार वीट झाली होती. वर हळद-कुंकवाचा थर, कडांना बुरशी.

“वहिनी, हे काय करून ठेवलंत?”

“खंडेनवमीला पुजते. सुतार करवत पुजतो, न्हावी वस्तरा पुजतो. आमच्या मानसाचं हत्यार हेच. तीस वर्सं नारळाचं पानी घातलंय तिला.”

मल्लिनाथनं कपाळावर हात मारला. पाच महिने हा सत्तरीचा माणूस बंद पडलेल्या सूतगिरणीतून उचलून आणलेल्या जुन्या संगणकाशी झटत होता. कपाटाएवढं ते धूड लोहाऱ्यातल्या त्याच्या गोठ्यात उभं होतं. उंदरांनी कुरतडलेल्या तारा त्यानं बदलल्या, पंखे लातूरहून आणले, हरवलेली झाकणं पत्र्याची ठोकून घेतली. असलं यंत्र आता शोधून सापडत नाही, असं पुण्याच्या संग्रहालयवाल्यांचं म्हणणं. रविवारी ते येणार होते. यंत्र चालू झालं तर नेणार आणि त्यावर मल्लिनाथच्या नावाची पाटी लावणार. नाही झालं तर भंगारवाला होताच.

ते चालू करायचं म्हणजे दर्शनी भागावरचे बारा खटके वर-खाली लावायचे; बारा खटक्यांची एक मांडणी म्हणजे एक ओळ, अशा सात ओळी. एक खटका चुकला की सगळं फुकट. छापील पुस्तक कधीच गहाळ झालेलं. साहेबांपुढं मिरवायला मल्लिनाथ आणि खटके लावायला धुळाप्पा, अशी गिरणीतली वाटणी; त्यामुळं ओळी येत होत्या फक्त धुळाप्पाला, रुद्रम्माच्या नवऱ्याला, आणि त्यानं त्या याच वहीत उतरवल्या होत्या. त्याच्यावर यंत्रातलं एक सर्किटचं कार्ड चोरल्याचा आळ आला. गिरणीनं हाकललं, पुढं कुणी दारात उभं केलं नाही, आणि बिचारा चोर म्हणूनच मेला.

“वही गेली म्हनून काय झालं?” रुद्रम्मा म्हणाली. “मला समदं पाठ हाय. शेवटाला रोज झोपंत हेच बडबडायचे. लिवा.”

“लई उपकार झाले बघा, वहिनी!”

त्यानं पेन काढलं. ती डोळे मिटून सांगत गेली, वर, वर, खाली, वर, आणि तो लिहीत गेला. सहा ओळी झाल्या. मग ती थांबली आणि तिनं पदर सारखा केला.

“एक सांगा. हे म्हनायचे, त्या कार्डाबिगर मशीन जागीच व्हत न्हाय. मग ओळी कशाला पायजेत तुमाला?”

मल्लिनाथ लिहिलेल्या ओळी मोजू लागला.

“सापडलं की ते.”

“कुठं?”

कार्ड इतकी वर्षं मल्लिनाथच्याच ट्रंकेत होतं, जुन्या धोतरात गुंडाळलेलं. मुख्य ऑपरेटरची जागा एकच होती आणि उमेदवार दोघं. त्यानं घाम पुसला.

“गिरणीतल्या कपाटामागं पडलं व्हतं. उंदरांनी ओढून नेलं असंल. कुनाचाच दोष न्हाय, वहिनी.”

रुद्रम्मानं वहीच्या कडेची बुरशी पदरानं पुसली.

“व्हय,” ती म्हणाली. “उंदीर लई माजले व्हते तवा.”

आणि तिनं सातवी ओळ सांगितली, अगदी सावकाश. शेवटी खाली, खाली, खाली. त्यानं पुन्हा म्हणायला लावली. तिनं तश्शीच म्हटली. मल्लिनाथनं कागदाची घडी छातीजवळच्या खिशात ठेवली आणि वाकून तिच्या पाया पडला. तिनं पडू दिलं. वर साखर जास्त घालून चहाही पाजला.

“रविवारी गाडी धाडतो. पुन्याची मानसं, समदं गाव जमनार हाय. तुमी बी या बघायला.”

“येते की. बघायचंच हाय मला.”

मल्लिनाथच्या स्कूटरचा आवाज माकणी गावाच्या वेशीपलीकडं गेला. रुद्रम्मानं वहीवर कुंकवाचं नवं बोट ओढलं, गाठोडं बांधलं आणि बांधता बांधता सातव्या ओळीचा शेवट पुटपुटली, नवरा झोपेत पुटपुटायचा तसाच.

“वर, खाली, वर.”