इंजिनियरचं निदान

माझा नवरा ऑफिसात प्रिंटरमध्ये अडकलेले कागद ओढून काढतो. एवढ्या भांडवलावर घरात त्याला 'इंजिनियर' म्हणतात, आणि तोही खुशाल ओ देतो. त्याने रिमोटचे सेल बदलले तरी सासूबाईंना ऊर भरून येतो. मी कधी काही म्हटलं नाही. पण कॉम्प्युटर माझा होता, माझ्या कमाईचा, आणि गेले काही आठवडे तो काम करता करता बंद पडत होता.

बंद म्हणजे ठार बंद. ना कुठली सूचना, ना काही. पडदा काळा, आणि शेवटचं सेव्ह केल्यानंतरचं सगळं काम पाण्यात. मी छपाईसाठी पानं लावून देते. आतापर्यंत पावतीपुस्तकं आणि व्हिजिटिंग कार्डं यांतच हयात गेली. पहिल्यांदाच एका प्रकाशकबाईंनी खरंखुरं पुस्तक दिलं होतं, लहान मुलांसाठी किड्यांचं. पानभर भुंगेरे, पानभर मुंगळे, एकापेक्षा एक देखणी चित्रं. "हे नीट झालं तर पुढची सगळी मालिका तुमचीच," बाई म्हणाल्या होत्या. ते काम मला हवं होतं. इतकं हवं होतं की मी कुणाला नीट सांगितलंही नव्हतं.

इंजिनियर पहिल्या दिवशी आले, खुर्ची ओढून बसले आणि म्हणाले, "व्हायरस आहे." दुसऱ्या वेळी फॉन्ट फार झाले होते. तिसऱ्या वेळी मी माऊस आपटते म्हणून. माऊस आपटल्याने कॉम्प्युटर बंद पडतो हा शोध त्याने जगाला का सांगितला नाही, देव जाणे. मग एके दिवशी मी बाजारात गेलेली बघून त्याने सगळा कॉम्प्युटर पुसून नव्याने भरला. परत आले तर माझे फॉन्ट गायब, सेटिंग गायब, आणि हा हात झटकत म्हणतो, "आता बघ कसा पळतो ते."

पळाला. दुपारपर्यंत. पहिला भुंगेरा उघडला आणि पुन्हा काळोख.

"तू काहीतरी चुकीचं दाबतेस," नवरा म्हणाला.

"त्याला विचारून बसत जा ना गं," सासूबाई म्हणाल्या.

नुसता मजकूर असला की यंत्र सरळ चालायचं, चित्रं आली की मान टाकायचं. हे मी त्याला चार वेळा सांगितलं. त्याने चारही वेळा मान हलवली, म्हणजे ऐकलं नाही. खोका उघडून बघू म्हटलं तर हात लावू देईना. म्हणे वॉरंटी जाईल. वॉरंटी कधीच संपून गेली होती. दुकानात नेऊ म्हटलं तर, "घरात माणूस असताना?" असं म्हणून रुसला.

"झेपत नाही ते काम सोडून द्यावं," तो रोज जेवताना म्हणायला लागला. आणि लाज वाटते सांगायला, पण हळूहळू मलाही ते पटायला लागलं होतं. रविवारी सकाळी मी बाईंना फोन केला. माझ्याच्याने होत नाही, माफ करा, चित्रं परत पाठवते, असं सांगितलं. नवरा समोरच बसून चहा पीत होता. फोन ठेवल्यावर म्हणाला, "चला, सुटलीस."

काम गेलंच होतं. आता यंत्र जळालं तरी कुणाच्या बापाचं काय जात होतं? मी स्क्रू-ड्रायव्हर घेतला, टेबलाखालून खोका ओढला आणि त्याची बाजू उघडली. तसाच चालू करून बघितला. थोड्या वेळात आतून भट्टीसारखा गरम वारा तोंडावर आला. मधला छोटा पंखा फिरत होता. मागचा मोठा, गरम हवा बाहेर टाकणारा, ढिम्म उभा. त्याची वायर तुटली नव्हती, उंदराने खाल्ली नव्हती. ती काढून, छान घडी घालून, पावाच्या पिशवीला येते त्या तारेने बांधून ठेवली होती.

आमच्या घरात वायरींना अशी घडी एकच माणूस घालतो.

तो बाहेरच्या खोलीत मॅच बघत होता. "मागच्या पंख्याची वायर कुणी काढली?" मी विचारलं.

"मी," तो पडद्यावरून नजर न हलवता म्हणाला. "केवढी घरघर करायचा! आईला टीव्ही ऐकू यायचा नाही."

"मी सांगितलं नव्हतं हं त्याला पंखा बंद कर म्हणून," सासूबाई लगेच म्हणाल्या. "मी आपलं आवाज होतो म्हटलं."

"आणि बंद कशाने पडतोय, ते कळलं नाही तुला?"

"अंदाज होता," नवरा म्हणाला. "म्हटलं, थोड्या दिवसांत कंटाळशील तू. मग लावणारच होतो परत."

अंदाज होता! माझ्या अंगाचा तिळपापड झाला. व्हायरस, फॉन्ट, माऊस, पुसापुशी, सगळं नाटक. याला काही येत नाही एवढंच मी धरून चालले होते, आणि तेच बरं होतं. याला येत होतं. सकाळी मी फोनवर रडवेली होऊन माझ्या नालायकीचा पाढा वाचत होते, तेव्हा कारण माहीत असलेला माणूस हाताच्या अंतरावर मूग गिळून बसला होता.

मी वायर जोडली. घरघर सुरू झाली. ओळीने सगळे भुंगेरे उघडले, एकही पान काळं पडलं नाही. मग बाहेर येऊन फोन उचलला.

"काय सांगणारेस?" नवरा आता मात्र उठून उभा राहिला. "सांग, एक पार्ट गेला होता. घरातलं बाहेर कशाला?"

कॉम्प्युटर चालू झाला, काम अजून मिळेल का, असं मी बाईंना विचारलं. त्यांनी ते अजून दुसऱ्या कुणाला दिलं नव्हतं. "पण मग झालं काय होतं?" त्यांनी विचारलं.

"नवऱ्याने पंख्याची वायर काढून ठेवली होती," मी म्हटलं. "मी कंटाळून काम सोडावं म्हणून. त्याला माहीत होतं."



"आणि सकाळी माफी तुम्ही मागत होतात?" बाई म्हणाल्या.

मी फोन स्पीकरवर टाकला आणि नवऱ्याच्या तोंडासमोर धरला.

"पुन्हा एकदा विचारा, बाई," मी म्हटलं. "इंजिनियर ऐकताहेत."