उघड्या डोळ्यांची प्रार्थना

बाजीरावांनी प्रार्थनेला बसणं सोडलं ते एका आमेनपायी. ते आमेन भलत्या जागी पडलं होतं.

झालं असं. प्लेगच्या साली गावाकडे पळालेली सुरतेच्या डिंडोली वस्तीतली माणसं परत येऊन पुन्हा कामाला लागली होती. खानदेशातून सुरतेला आलेल्या मूठभर ख्रिस्ती कुटुंबांची मंडळी बाजीरावांच्याच ओसरीवर जमायची. यंत्रमागाच्या कारखान्याला तिथे सगळे खातं म्हणतात. खात्याला ज्या वारी सुट्टी, त्या वारी दुपारची जेवणं उरकली की प्रार्थना. त्या दिवशी ती रुक्मिणीमावशीसाठी होती. मावशी म्हणजे बाजीरावांच्या बायकोची, कलाबाईची, थोरली बहीण. काविळीने अंथरूण धरलेलं, आणि तिची खाट ओसरीतच भिंतीशी लावलेली. पाळक शांतवन गावित डोळे मिटून, मान खाली घालून तळमळीने मागत होते, "प्रभू, हिला उठव, हिच्या अंगात बळ घाल. आणि तुझी इच्छा हिला न्यायचीच असेल तर..."

इथे त्यांनी दम घेतला. तेवढ्या शांततेत बाजीराव खणखणीत आवाजात म्हणाले, "आमेन."

पोरं फिसकन हसली. पाळकांनी प्रार्थना कशीबशी सावरून शेवटाला नेली. रुक्मिणीमावशी काविळीतून ठणठणीत बरी झाली, पण ते आमेन मात्र तिने उशाखाली जपून ठेवलं. भाजीत मीठ जास्त पडलं तरी म्हणायची, "आमच्या पाहुण्यांना घाईच आहे मला पोचवायची."

तेव्हापासून सुट्टीच्या दुपारी बाजीराव पायात चपला अडकवून पलीकडच्या पर्वत पाटिया भागात निघून जात. त्यांच्याच खात्यातले चिंधा आणि लोटू आधीच गळाले होते. मंडळी आता म्हणजे बायका, पोरं आणि दोन म्हातारे. "लूमवर उभा राहिला की माणूस देवाला विसरतो," असा निकाल म्हाताऱ्यांनी देऊन टाकला. बाजीराव मंडळीचे वडील होते, म्हणजे पाळकांच्या खालोखाल जबाबदारीचा माणूस. पाळकांनी कलाबाईला हळूच सांगितलं, "बाई, ईस्टरपर्यंत वाट बघू. नाहीतर वडील म्हणून दुसरा कोणी नेमावा लागेल. मला ते जड जातंय." त्या दिवसापासून कलाबाईच्या भाकरी करपायला लागल्या.

हे सगळं स्वप्ना बघत होती. बाजीराव-कलाबाईची ही मुलगी नुकतीच भौतिकशास्त्र घेऊन बी.एस्सी. झाली होती आणि एका डाईंग मिलच्या प्रयोगशाळेत कापडाचा रंग धुऊन, घासून, उन्हात ठेवून किती टिकतो ते तपासत होती. आप्पांची श्रद्धा विटली, असं सगळे म्हणत. स्वप्नाला वाटे, विटली म्हणायच्या आधी कशाने विटली ते कुणी बघितलंय का? रंग उगाच जात नाही.

एके दिवशी बदलीचा कारीगर आला नाही म्हणून बाजीरावांना खात्यातच थांबावं लागलं. स्वप्ना डबा घेऊन गेली. दारातच आवाजाची भिंत लागली. पायाखालची फरशीसुद्धा थरथरत होती. तिने "आप्पा" म्हणून हाक मारली, तर तिची तिलाच ऐकू आली नाही. आणि त्या गदारोळात तिचे आप्पा, घरात चार शब्दांवर पाचवा न बोलणारे आप्पा, गप्पा मारत होते. पलीकडच्या ओळीतल्या लोटूचे ओठ हलले, आप्पांनी मान मागे टाकून हसून घेतलं, काहीतरी उत्तर दिलं, त्यावर तिसऱ्या मागावरचा चिंधा डोळे पुसायला लागला. मध्येच आप्पांनी दोन बोटं जुळवून फटकन वेगळी केली. लोटूने वळून बघितलं, त्याच्या मागावरची तार, म्हणजे ताण्याचा धागा, तुटली होती. मग चिंधाने पोटावरून गोल हात फिरवला आणि तिघांचेही चेहरे एकदम गंभीर झाले. शेठ आला होता.

स्वप्ना डबा ठेवून घरी आली, ती एकच विचार डोक्यात घेऊन. दुसऱ्या दिवशी बाजीराव ओसरीवर दाढी करत बसले असताना ती समोर उभी राहिली आणि आवाज अजिबात न काढता नुसते ओठ हलवून म्हणाली, "आप्पा, वांगी करू की बटाटे?"

"वांगी," बाजीराव म्हणाले.

मग ती त्यांच्या मागे गेली आणि नेहमीच्या आवाजात बोलली, "आप्पा, तिखट करू की बेताचं?" बाजीरावांचा वस्तरा शांतपणे गालावरून फिरत राहिला.

ती पुन्हा पुढे आली. "आप्पा, मघाशी मी आवाज काढलाच नव्हता."

बाजीरावांनी वस्तरा पाण्यात बुडवला, पुन्हा बुडवला. "कोणाले सांगू नको," ते म्हणाले. "लोटूले बी असंच शे. चिंधाले बी."

"पण पाळकांना तरी सांगायचं होतं."

"काय सांगू? वडील म्हणून बसवलं त्यांनी माले. आन वडीलच बहिरा?" त्यांनी गालावरचा साबण पुसला. "खात्यात कोणी बहिरं नसतं, बेटा. तठे सगळे बोलतस. इथं डोया मिटले की मना दिवा गेला. सगळी मंडळी आत, आन मी एकला बाहेर. पाळकांचा आवाज येतो, पण दुरून कुणाचा रेडिओ यावा तसा. बातमी कळत नाही. आधी मी चोरून बघायचो, ओठ कधी थांबतात ते. पोरांनी पकडलं, तुझ्या मावशीला सांगितलं. मग बघणं सोडलं आणि अंदाजाने आमेन म्हणायला लागलो."

"आणि मावशीच्या वेळी अंदाज चुकला."

"अंदाज बरोबर होता," बाजीराव म्हणाले. "थांबले होते ना ते?"

आप्पांनी पाळकांना सांगायची परवानगी दिली, ती मोठ्या नाराजीने. स्वप्ना उधन्याला पाळकांच्या घरी गेली आणि तिने सरळ मांडणी केली. मागाच्या आवाजात वर्षानुवर्षं उभं राहिलं की आधी बारीक, उंच आवाज ऐकू येईनासे होतात. बोलतोय ते कळतं, शब्द सुटत नाहीत. ही माणसं ऐकतात ती डोळ्यांनी. आणि आपण प्रार्थनेची सुरुवातच करतो डोळे मिटायला सांगून.

शांतवन गावित म्हणजे भरघोस मिशीचा, मऊ मनाचा माणूस. "मी त्यांच्यावर सबंध उपदेश केला, पोरी," ते म्हणाले. "थंड पडलेल्या श्रद्धेवर."

"त्यांना तो ऐकू आला नाही," स्वप्ना म्हणाली. "काळजी करू नका."

पाळकांची बायको सुषमाताई आतून हसली. पाळकांनी मात्र पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल, काढलं आणि आठवडाभर शोधलं. डोळे मिटा असं त्यांना कुठे सापडलं नाही. उलट प्रभूने प्रार्थना करताना आकाशाकडे डोळे लावले होते, असं मिळालं. "मिटायची रीत कुणा मास्तराने लावली असणार," त्यांनी मंडळीला सांगितलं, "पोरं चुळबुळ करतात म्हणून. पुढच्या वेळेपासून गोल बसायचं आणि डोळे उघडे."

"उघड्या डोळ्यांनीच देवाशी बोलायचं," रुक्मिणीमावशी म्हणाली, "तर मग मी मेथी निवडत बसले तर चालेल?"

"निवडा की," पाळक म्हणाले.

मुलीच्या शब्दाखातर बाजीराव आले. चिंधा आणि लोटू दाराशीच बसले, पळायला सोपं म्हणून. प्रार्थना सुरू झाली. मिटायची सवय लागलेले डोळे उघडे ठेवायचे म्हणजे कुणाकडे बघावं तेच कुणाला कळेना. जो तो दुसऱ्याच्या कपाळाकडे बघत होता. थोड्याच वेळात बाजीराव उठले आणि निघून गेले. त्यांच्या मागोमाग दाराशी बसलेले दोघं.

स्वप्नाने त्यांना गल्लीच्या तोंडाशी गाठलं आणि पुढे जाऊन समोर उभी राहिली. "काय झालं, आप्पा?"

"मिशी," बाजीराव म्हणाले.

"काय?"

"सगळं वचन त्या मिशीत अडकतं. वरचा ओठ दिसतच नाही. आन ते पुस्तकाकडे बघून बोलतात. पुस्तकाले का ऐकू येत नाही?"

लोटूने मान डोलावली. "आमचा शेठ परवडला. शिव्या देतो, पण तोंड वर करून देतो."

ही गोष्ट पाळकांना जाऊन सांगणं स्वप्नाला परीक्षेपेक्षा अवघड गेलं. पाळकांचा हात आपोआप मिशीवर गेला. ती त्यांनी पाळकपणाचं शिक्षण घेताना राखली होती. तिच्यामुळे ते वयाने मोठे दिसत आणि लोक त्यांचं ऐकत, असा त्यांचा समज होता.

"लग्नापासून सांगतेय मी," सुषमाताई म्हणाली. "माझ्यासाठी नाही काढली. आता बाजीरावदादांसाठी काढा. कात्री देऊ?"

एवढ्यावर भागलं नसतं, हे स्वप्नाला ठाऊक होतं. प, ब आणि म हे ओठांवर सारखेच दिसतात. म्हणून तर कारीगर बोलण्याला हाताची जोड देतात. तिने आप्पा, चिंधा आणि लोटू यांना ओसरीवर बसवलं आणि म्हणाली, "प्रभूची प्रार्थना तुम्हाला पाठ आहे. ती खात्यात एकमेकांना सांगायची असती, तर कशी सांगितली असती?"

'हे आमच्या स्वर्गातल्या बापा', या सुरुवातीलाच गाडी अडली. स्वर्गातल्या बापासाठी चिंधाने सवयीने पोटावरून गोल हात फिरवला.

"अरे, तो शेठ झाला," कलाबाई दारातून ओरडली.

"मालक तर खरा ना, वहिनी? सगळ्यांचा."

"शेठ वेगळा, बाप वेगळा," बाजीराव म्हणाले. त्यांनी डोक्याभोवती हात फिरवून पागोटं बांधल्यासारखं केलं आणि मग तोच हात, पोराच्या डोक्यावर ठेवावा तसा, खाली ठेवला. ते ठरलं.

पुढे 'आमची रोजची भाकर आज आम्हांस दे' आलं, त्यातली भाकर सोपी होती. त्यानंतरच्या, अपराधांच्या क्षमेपाशी तिघं अडले, कारण खात्यात क्षमा मागायचा प्रसंगच येत नाही, शेठ सरळ पगार कापतो. शेवटी लोटूने तुटलेल्या तारेची दोन बोटं केली आणि ती पुन्हा जवळ आणून गाठ मारली. "एवढंच करतो आपण दिवसभर," तो म्हणाला.

ईस्टरच्या आधीच्या सुट्टीला मंडळी जमली. पाळक आत आले तेव्हा रुक्मिणीमावशी मेथी खाली ठेवून म्हणाली, "हे कोण आलं आणखी?" उघडा ओठ घेऊन पाळक लाजत गोलात बसले. पुस्तक त्यांनी मागे ठेवलं होतं. त्यांनी बाजीरावांकडे बघितलं आणि सावकाश बोलायला सुरुवात केली, आणि तिघांचे हात उठले. पोरांना हे हातवारे फार आवडले; ती लगेच करायला लागली. मग कलाबाई, मग कुरकुर करत दोन्ही म्हातारे. क्षमेची गाठ मारताना बाजीरावांनी मान वळवली आणि समोर, थेट रुक्मिणीमावशीकडे बघितलं. मिटलेल्या डोळ्यांआड जाण्याची सोय आता मावशीला नव्हती. तिने इकडेतिकडे बघून पाहिलं. मग मेथीने हिरवी झालेली बोटं वर उचलली आणि हवेत एक गाठ मारली, जरा घट्टच.

प्रार्थना संपली तरी बाजीराव उठले नाहीत. लोक चहाला पांगले, तसे ते पाळकांसमोर सरकून बसले. दुसऱ्या वडिलाची गोष्ट कुणी काढली नाही. पाळकांनी तर नाहीच.

"एक विचारू?" बाजीराव म्हणाले. "मी येत होतो तेव्हा आणि येत नव्हतो तेव्हा, तुम्ही डोळे मिटून एवढं काय मागत होतात?"

पाळकांचा हात वरच्या ओठाशी गेला आणि तिथे काही न सापडून खाली आला. "खरं सांगू, दादा? अलीकडे तर बहुतेक तुमच्यासाठीच. तुम्ही परत यावं म्हणून."

बाजीराव त्यांच्या ओठांकडे बघत होते. शेवटचा शब्द होईपर्यंत त्यांनी नजर काढली नाही.

"मग माझ्याकडे बघून मागायचं होतं," ते म्हणाले. "मी लगेच आलो असतो."