ढेकूण

माझा धाकटा भाऊ मला जन्मात कधी ताई म्हणाला नव्हता. ढेकूण म्हणायचा. आई-बाबा दोघांच्या रक्तात लपलेला थॅलेसेमिया त्याच्या एकट्याच्या वाट्याला आला. अंगात रक्त टिकायचं नाही, दर महिन्याला बाहेरून चढवावं लागायचं. मी मात्र लालबुंद. "माझ्या वाटचं आधीच पिऊन बाहेर आलीस," हे त्याचं शास्त्र. पिशवी लागली की नर्सला बजावायचा, "त्या ढेकणाला लांब बसवा, अर्धी गट्टम करेल." मी चिमटा काढायचे, आणि चिमट्याची जागा गुलाबी झालेली बघून मनातून सुखावायचे.

तो घड्याळं दुरुस्त करतो. दुकान नवं, गिऱ्हाईक सोडवेना, म्हणून या खेपेला त्याने तारखा चुकवल्या. जिना चढताना धाप लागली तेव्हा कुठे दवाखान्यात गेला. लागोपाठ पिशव्या चढवल्या. चेहऱ्यावर रंग आला, आम्ही खूश. घरी आल्यावर मात्र तो डोकं धरून बसला. "समोरचं धुरकट दिसतंय," म्हणाला, आणि जेवता जेवता त्याला झटका आला.

"शरीराला कमी रक्ताची सवय झालेली," डॉक्टर म्हणाले. "एकदम एवढं मिळालं, रक्तदाब उसळला, मेंदूला सूज आली. क्वचित होतं असं. उतरेल, पण हळूहळू."

ज्या रक्तासाठी आम्ही देव पाण्यात घालून बसायचो, तेच त्याच्या डोक्यात गेलं.

सूज उतरली, नजर आली. शब्द मात्र चळले होते. खिडकीला पंखा म्हणायचा, चाव्यांना चमचे. डॉक्टर रोज एकेक वस्तू दाखवून विचारायचे. एका सकाळी त्यांनी माझ्याकडे बोट केलं. "ही कोण?"

तो मला न्याहाळत राहिला. "ताई," म्हणाला.

डॉक्टर म्हणाले, "शाब्बास!" आईच्या डोळ्यांना धार लागली. उत्तर बरोबर होतं, पण पाठ करून दिल्यासारखं. ताई काय, कुणालाही म्हणतात!

घरीही तेच. "ताई, पाणी देता का?" देता का! मी केस कापायचं काम करते. त्याचे कापताना मुद्दाम टाळूवरून वेडावाकडा पट्टा मारला. म्हटलं, आता तरी भडकेल. त्याने आरशात पाहिलं. "छान झालं, ताई."

"सुंठीवाचून खोकला गेला," आई म्हणाली. "त्या घाणेरड्या नावापासून सुटलीस."

सुटायचं कुणाला होतं? समोर बसलेला असूनही मला तो हवा होता. रस्त्यात कुणी कुणाला वेडंवाकडं नाव ठेवून हाक मारली, तरी मी वळून बघायचे.

रक्त तर पुन्हा लागणारच होतं. या वेळी एकच पिशवी, अगदी सावकाश, रक्तदाब तपासत तपासत. नर्स नवीन होती. "डोकं दुखलं किंवा शब्द चुकला, तर लगेच हाक मारा," तिने मला बजावलं. मी पडणाऱ्या थेंबांवर नजर रोखून बसले. डोळे मिटायची भीती वाटत होती.

पिशवी अर्ध्यावर आली तेव्हा नर्सने त्याला विचारलं, "बरं वाटतंय ना? सोबत कोण आलंय?"

त्याने पिशवीकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग पुन्हा पिशवीकडे. ओठ एका बाजूला वळले.

"ढेकूण."

नर्सने आधी गादीचा कोपरा उचलून पाहिला. "आमच्याकडे ढेकूण नाहीत हो!" मग एकदम चपापली, थेंब बंद केले आणि दारातून ओरडली, "डॉक्टर! याचे शब्द चुकायला लागले!"

"चुकत नाहीये," तो वैतागला. "बघा ना, कशी टक लावून बसलीये. लांब बसवा तिला!"

डॉक्टर धावत आले. त्याच्या डोळ्यांत बॅटरी मारून माझ्याकडे बोट केलं. "ही कोण?"

"सांगितलं की!"

ते माझ्याकडे वळले. "तुम्हीच सांगा बाई. तुम्ही याच्या कोण?"

शब्द तोंडात तयार होता. "ढेकूण," मी म्हटलं, आणि त्याला चिमटा काढला.