टाकीवरचा मंतर

आमच्या वाडीत विंचू उतरवावा तो शिदूआबांनीच. ते माझे आजोबा. मी संगीता, वाडीची आशाताई, म्हणजे सरकारी आरोग्यसेविका. आमचं दोघांचं छान जमतं, विंचवापाशी मात्र फाटतं.

महिन्यापूर्वी वाडीतल्या जानूला लाल विंचू चावला. लोकांनी त्याला आबांपुढं बसवलं, दोन तास मंतर चालला. शेवटी मी भांडून त्याला जीपमध्ये घातलं. कामशेतचे डॉक्टर म्हणाले, अजून थोडा उशीर झाला असता तर हातचा गेला असता.

“आबा, लोकांना सरळ परत पाठवा ना,” मी चिडले.

“डसलेल्याला माघारी धाडायचं न्हाई, गुरूची आण हाय. मंतर जिता हाय तवर समदी हितंच येनार.”

भातकापणी तोंडावर आलेली. पेंढ्यांखाली विंचू ठरलेलेच. माझी झोप उडाली.

अशात सप्त्याच्या कीर्तनात बुवांनी रामानुजाचार्यांची गोष्ट रंगवली. अठरा वेळा पायपीट केल्यावर गुरूंनी मंत्र दिला आणि बजावलं, कुणाला सांगशील तर नरकात जाशील. हा पठ्ठ्या थेट गोपुरावर चढला आणि जातपात न बघता सगळ्यांना मंत्र ओरडून सांगितला. मी एकटा नरकात गेलो तरी चालेल, एवढी माणसं तरतील, म्हणाला. आबा ताठ बसून ऐकत होते. 

सकाळी ओरडा झाला, आबा पाण्याच्या टाकीवर चढलेत! मी धावत सुटले. सगळी वाडी खाली जमलेली आणि आबा वरून मंतर ओरडतायत. चार ओळी, त्यात निम्म्या विंचवाला शिव्या. माझ्या अंगावर काटा आला. मंतर चारचौघांत फुटला की मरतो, हे इथलं शेंबडं पोरही जाणतं.

“आबा, आता आमी कुटं जायचं?” खालून तरणा कोंडाजी रडकुंडीला आला.

“कामशेतला. मंतर मेला. हितनं फुडं संगीला इचारा.”

मला हसू आणि रडू एकदमच आलं.

चौथ्या दिवशी पेंढी उचलताना कोंडाजीलाच विंचू चावला. तो आबांकडं नाही, माझ्याकडं पळत आला. मी त्याला स्कूटीवर घातलं आणि सुसाट निघाले. आबा दारात उभे होते. त्यांचे ओठ हलत होते.

संध्याकाळी कोंडाजी धडधाकट परतल्यावर मी विचारलं, “आबा, मंतर मेलाय ना?”

“व्हय. पर पोराला वाटंला लावताना कायतरी म्हनाया नगं?”