भांड्यांच्या पेटीतलं घर

मी एक जुनी लाकडी पेटी आहे. नाक मुरडू नका, मित्रांनो! मला चार खोल्या आहेत, एक जिना आहे, आणि बटण दाबलं की प्रत्येक खोलीत दिवा लागतो. आहे का तुमच्या ओळखीत अशी पेटी?

जन्माने मात्र मी भांड्यांचीच. मी ज्या घरात राहते तिथल्या छोट्या आभाचे बाबा, अरुण, बँकेत आहेत आणि त्यांची सारखी बदली होते. बदलीवाल्यांच्या घरी खोकी टाकून देत नाहीत, पुढच्या बदलीसाठी पलंगाखाली जपतात. आभाच्या आईची, वृंदाताईंची, काचेची भांडी माझ्या पोटातून प्रवास करायची. पोट एकच, मोठं. वाटेत कप एकमेकांवर आपटायचे, त्यांचे कान तुटायचे आणि बोल मला! झाकणावर 'भांडी. जपून.' असं ठळक लिहिलेलं होतं, पण वाचतो कोण?

कोलकात्यात भवानीपूरच्या या भाड्याच्या घरात आल्यावर आभा एकदा रुसून म्हणाली, "आपलं घर सारखं बदलतं. मला न बदलणारं घर हवंय."

बाबांनी मला पलंगाखालून ओढून काढलं.

"घ्या," वृंदाताई म्हणाल्या, "पण बदली झाली की पेटी मला परत हवी. रिकामी!"

दोघांनी आनंदाने माना डोलावल्या. तेव्हा बदली फार लांब वाटत होती.

मग माझा काय थाट सांगू! पातळ फळ्या लावून खोल्या पाडल्या. या घराची जमीन लाल आणि कडा काळ्या, तशीच माझीही रंगवली. आईस्क्रीमच्या काड्यांच्या हिरव्या झडपा खिडक्यांना लागल्या. वृंदाताईंच्या ब्लाउजच्या उरलेल्या कापडाचा सोफा झाला, काडेपेट्यांचं कपाट झालं, आणि वर एक इवलंसं देवघर. चांदनी मार्केटमधून बाबांनी बारीक दिव्यांची माळ आणली. पहिल्यांदा बटण दाबलं तर सगळीकडे उजेड आणि देवघर तेवढं अंधारात. बाबा घाम पुसत बसले. आभाने दिव्याच्या दोन तारा उलटसुलट करून जोडल्या आणि लागला की दिवा! खालच्या मजल्यावरच्या सुचित्रादी तर "की शुंदोर!" म्हणत माझ्यासमोर फतकल मारून बसल्या. मी फुगून गेले. वृंदाताई मात्र मला 'ती पेटी'च म्हणायच्या.

दोन वर्षं मजेत गेली आणि बदलीचा हुकूम आला. नागपूर.

वृंदाताई काचेची बरणी हातात घेऊन माझ्यापुढे उभ्या राहिल्या. "आभा, ठरलं होतं ना? पेटी रिकामी कर बाळा."

आभाने सोफा काढला, कपाट काढलं. खोल्यांच्या फळ्या उचकटायला बाबांनी स्क्रूड्रायव्हर आणला, पण त्यांचा हात काही पुढे येईना. मित्रांनो, मला फार भीती वाटली. पुन्हा नुसतं एक पोकळ पोट व्हायचं?

"थांबा जरा," वृंदाताई एकदम म्हणाल्या. त्यांनी हातातली बरणी माझ्या दिवाणखान्यात ठेवून पाहिली. ती अशी चपखल बसली की हलेना. मग कप स्वयंपाकघरात, बश्या जिन्याखाली. "अगं बाई, हे तर आयते कप्पे झालेत! आता कशाला फुटतायत माझे कप!"

आभा रडता रडता हसली. तिने सोफा एका कपात बसवला आणि काडेपेट्यांचं कपाट साखरेच्या डब्यात घातलं.

आज इथली शेवटची संध्याकाळ. घरचं देवघर चुकून सगळ्यात आधी बांधलं गेलं. दिवेलागण झाली आणि पितळी बाळकृष्ण हातात घेऊन वृंदाताई रिकाम्या घरात घुटमळल्या. शेवटी त्यांनी तो माझ्या देवघरात ठेवला, बटण दाबलं आणि हात जोडले. त्यांच्या शेजारी बाबा आणि आभाही उभे राहिले. खरं सांगते, मला भरून आलं.

सकाळी बाळकृष्ण वृंदाताईंच्या पर्समध्ये जाईल आणि मी ट्रकमध्ये. झाकण तेव्हाच बसेल, पण आत्ताच वृंदाताईंनी पेन घेऊन त्यावरचा 'भांडी' हा शब्द खोडला आणि वर लिहिलं, 'घर'. 'जपून' तेवढं तसंच ठेवलं.

म्हणून मित्रांनो, कुणाचं सामान उचलायची वेळ आली तर जरा हळू उचला. आत कुणाचं तरी घर असतं.