शॅलेचं दार

आमच्या डोंगरात शॅले म्हणजे गुराख्यांची खोपी. उन्हाळाभर वर गाई चारायच्या, तांब्याच्या मोठ्या हंड्यात दूध तापवून चीज करायचं आणि धुरानं चुरचुरणारे डोळे चोळत तिथंच झोपायचं. थंडी पडली की गाई घेऊन खाली उतरायचं. पण दाराला कुलूप घालायचं नाही आणि चुलीपाशी कोरडी लाकडं ठेवून निघायचं. वादळात सापडलेल्याला आसरा नको?

मालकाच्या पोरांनी आमची ती खोपी जिनिव्हाच्या एका दातांच्या डॉक्टरला विकली. त्यानं खिडक्या मोठ्या केल्या, गालिचे अंथरले, नाव मात्र शॅलेच ठेवलं. त्याची बायको कौतुकानं म्हणाली, "आता जगभर शॅले झालीत हो! अगदी समुद्रकाठीसुद्धा."

"तिथं काय गाई वाळू चरतात?" प्लासीददादानं विचारलं.

ती खळखळून हसली. माझा भाऊ गंमत करत नव्हता.

सप्टेंबरअखेर अवचित बर्फ पडायला लागलं. दादाची गाभण कालवड वरच राहिली होती, तिला आणायला तो गेला. अंधारून आलं तशी मी कंदील उचलला, तर लेओनीवहिनीनं सूप पुढं सरकवलं.

"बसा भावजी, जेवून घ्या. शॅले आहे ना वर! मस्त जाळ करून बसले असतील. उद्या येतील बघा, मलाच कामं सांगत."

गावातही सगळे तेच म्हणाले. त्या दाराच्या भरवशावर आमच्याकडची माणसं पिढ्यान्‌पिढ्या निर्धास्त झोपत आली, तसे आम्हीही झोपलो. डॉक्टर कुलूप लावून गेला असेल, हे कुणाच्या डोक्यातच आलं नाही.

सकाळी दादा त्या दाराला पाठ लावून बसलेला सापडला, पार लाकूड झालेला. कालवड दुपारी आपली आपण खाली आली.

मयताला डॉक्टर आला. "काच फोडायची ना हो! मी काय रागावलो असतो?" हेच पुन्हा पुन्हा म्हणत राहिला. मला त्याच्या थोबाडीत मारावीशी वाटली, पण तो खरोखर रडत होता.

"दुसऱ्याच्या घराची काच?" वहिनी म्हणाली. "हे नव्हते हो तसले."

एकाही काचेला साधा तडा गेला नव्हता. काठी दादानं भिंतीला नीट टेकवून ठेवली होती. दार मात्र खूप वेळ ठोठावलं असावं. दोन्ही मुठी सोलून निघाल्या होत्या.